बसाप्पा नाव घेतात तेव्हा

बसाप्पांचे पाय मी आधी पाहिले, चेहरा नंतर. उचगावात चौगल्यांच्या सोप्यात, म्हणजे घराच्या पुढच्या पडवीत, मी जमिनीवर कागद पसरून बसले होते आणि उंबऱ्यापाशी दोन पाय येऊन थांबले. घोट्यापर्यंत टम्म सुजलेले, कातडी ताणून चकाकणारी, चपलांच्या पट्ट्यांचे वळ उठलेले. मान वर न करताच मी विचारलं, "सूज किती दिवस आहे?" अनोळखी माणसाला नमस्काराच्या आधी असं विचारू नये हे मला कळतं, पण वीस वर्षं हॉस्पिटलात काढल्यावर जिभेला वळण राहत नाही.

"पाय ऱ्हाऊंदेत अक्का," वरून आवाज आला. "आदी घरातली माणसं किती आल्यात ते बघू."

सत्तरीचा माणूस. डोक्याला पांढरा पटका, स्वच्छ नेहरू शर्ट, दाढी गुळगुळीत. चौकटीला हात लावून ते आत आले आणि सोप्यातल्या माणसांवरून नजर फिरवत बोटं मोजू लागले. आम्ही सगळे मिळून सहा जण होतो. त्यांची बोटं सहावर थांबली नाहीत. मला वाटलं, म्हातारबुवांचं गणित कच्चं आहे.

बसाप्पा जातीनं आणि कामानं हेळवी. हेळवी म्हणजे घराण्यांची वंशावळ तोंडपाठ ठेवून ती दर तीन-चार वर्षांनी त्या त्या घरी येऊन म्हणून दाखवणारा माणूस. आमच्याकडे मराठी-कानडी मुलखांच्या सीमेच्या दोन्ही बाजूंना अजून त्यांचं येणंजाणं आहे. त्यांचे वडील बैलावर बसून यायचे. बसाप्पा मोटारसायकलवर यायचे, पण बैलाच्या गळ्यातली घंटा त्यांनी हँडलला बांधली होती. गल्लीच्या तोंडाशी ती वाजली की बायका हातातलं काम टाकून दारात यायच्या आणि पहिली गोष्ट म्हणजे घरात कोण कोण आहे ते बघायच्या.

मी तिथे का होते, तेही सांगून टाकते. ज्या घरांत हृदय अशक्त होऊन माणसं जातात, एकाच पिढीत नाही तर पिढ्यान्‌पिढ्या जातात, अशा घरांचा अभ्यास आमच्या डॉक्टरीणबाई करत होत्या. घरोघर जाऊन कुटुंबाचा आलेख काढायचा आणि रक्ताचे नमुने गोळा करायचे, हे माझं काम. बाई लोकांना सोप्या शब्दांत सांगायच्या, "ताप आला, जखम झाली की शरीर आतून चूल पेटवतं आणि काम झालं की विझवतं. काहींच्या जनुकांत थोडासा फरक असतो, त्यामुळे चूल नीट विझतच नाही, धुमसत राहते. वर्षानुवर्षं तो धूर सोसून हृदय थकतं." आणि लगेच पुढे म्हणायच्या, "पण फरक सापडला म्हणजे आजार होणारच, असं नाही. धोका वाढतो. किती वाढतो, तेच तर आम्ही शोधतोय." पहिलं वाक्य सगळ्यांच्या लक्षात राहायचं, दुसरं कुणाच्याच नाही.

चौगल्यांना मी इथे चौगले म्हणते, नाव बदललं आहे. तीन भावांपैकी दोघे पंचेचाळिशीच्या आत गेले होते. उरले दादा. धाकट्या भावाची मुलगी ऐश्वर्या कागलच्या एमआयडीसीत एका कारखान्यात माल तपासायच्या विभागात होती, सव्वीस वर्षांची, चटपटीत. दादांना पणजोबांच्या पलीकडचं नाव सांगता येईना. "आमास्नी हितवरच ठावं," ते म्हणाले. "हेळवी येऊंदे, त्यो सांगंल." म्हणून मी मुद्दाम तो दिवस धरून गेले होते.

बसाप्पांनी घोंगडं अंथरलं ते अख्ख्या सोप्याभर. आम्हाला एका कडेला बसवलं. बाकीचं घोंगडं रिकामं. स्वतः दाराकडे तोंड करून बसले आणि डोळे मिटून म्हणायला लागले. ते गाणं नव्हतं आणि बोलणंही नव्हतं. मधेच कानडी, मधेच मराठी, एका लयीत नाव, मग बापाचं नाव, मग कुठून आले, कुणाची बायको कुठली, लेक कुठे दिली. गेलेल्या माणसाला ते कधी 'होता' म्हणत नसत. "राणोजी तापट हाय. त्याच्याशी जपून बोलायचं." "म्हाळसाक्काला मुकं बसाय येत न्हाय." दोनशे वर्षांपूर्वीच्या माणसांबद्दल हे. ऐकता ऐकता दादांनी पसरलेले पाय आखडून घेतले. घरात वडीलधारं कुणी आलं की आपण घेतो तसे. त्यांच्या ते ध्यानातही आलं नसावं.

दीड तासानं शेवटचं नाव घेऊन बसाप्पांनी एक छोटी घंटी वाजवली, तेव्हा त्यांचे ओठ निळसर झाले होते. मी सरळ त्यांचा हात धरला आणि म्हटलं, "उद्या हॉस्पिटलात यायचं. मी नाही ऐकणार." आले बिचारे. डॉक्टरीणबाईंनी तपासलं. हृदय निम्म्याच ताकदीनं चाललेलं, फुप्फुसात पाणी धरायला लागलेलं. तीन-चार औषधं दिली आणि बजावलं, "त्यातली ही पाण्याची गोळी एक दिवसही चुकवायची नाही. चुकवलीत की पाणी वर चढणार. मग बसल्या जागी गुदमराल."

"आनि ही घेटली की काय हुतंय?"

"दोन-तीन तास लघवीला जावं लागतं."

बसाप्पांनी गोळ्यांचं पाकीट उलटंपालटं करून बघितलं आणि तेवढी ती एक पट्टी बाईंच्या टेबलावर परत ठेवली.

ती पट्टी उचलून मी त्यांच्यामागे बाहेर आले आणि चांगलीच तडकले. ते माझं बोलणं संपेपर्यंत थांबले आणि मग म्हणाले, "अक्का, नाव घेटलं की माणूस येतंय. समद्यांस्नी बलवायचं, बसवायचं आन् मधीच उठून जायाचं व्हय? शेवटचं नाव घिऊन घंटी वाजवली की मग ती जात्यात. मधी उठलो तर हितंच ऱ्हात्यात. मग त्या घरात जित्या माणसांनी नांदायचं कसं?"

"मग ज्या दिवशी म्हणायचं नसेल त्या दिवशी घ्या."

"दिवाळीपास्नं गुडीपाडव्यापतोर रोज एक घर हाय की."

शेवटी माझ्या समाधानासाठी पट्टी खिशात ठेवली. कागलच्या फाट्यावर भेटले, शाहूपुरीत भेटले, कधीही भेटले की मी विचारायची, "गोळी?" आणि ते खिशावर हात मारून दाखवायचे. पट्टीतली एकही गोळी कमी झालेली नसायची.

त्या दीड तासाचं मी फोनवर रेकॉर्डिंग केलं होतं. आलेख काढायला ते ऑफिसात बसून ऐकू लागले. भर दुपार, पंखा फिरतोय, बाहेर रिक्षावाले भांडताहेत. तिसऱ्यांदा ऐकताना माझ्या लक्षात आलं की बसाप्पा काही नावांनंतर थांबतात. अगदी थोडं. एक श्वास सोडावा एवढंच. बाकी सगळी लय सुरळीत, पण ठरावीक नावांनंतर हा रिकामा श्वास. दादांच्या वडिलांच्या नावानंतर होता. ते पंचेचाळिशीत धाप लागून गेले, हे दादांनीच मला सांगितलं होतं. दादांच्या दोन्ही भावांनंतर होता. चुलत आजोबांनंतर होता, तेही तसेच गेले. दादांच्या नावानंतर नव्हता. मी आलेखावर त्या त्या नावाशेजारी पेन्सिलीनं टिंब देत गेले. टिंबं पणजोबांच्या वर, जिथली माहिती घरात कुणालाच नव्हती, तिथेही जात राहिली. पाच पिढ्या वर. माझ्या हातावर काटा आला. उन्हाळा होता, पंख्याचा गारवा म्हणायचीही सोय नव्हती.

एक थांबा तर माणसाच्या नावानंतरचा नव्हताच. "लेक दिली मलकापूरला," असं म्हणून बसाप्पा थांबले होते. हेळव्यांच्या परंपरेत सासरी गेलेल्या लेकीचं नाव घेत नाहीत, गाव सांगतात आणि तिची ओळ तिथेच संपते. मी त्यांना फोन केला. "बसाप्पा, मलकापूरनंतर तुम्ही का थांबलात?"

"मी कुटं थांबलो?"

"थांबलात. माझ्याकडे आहे."

त्यांनी ती ओळ स्वतःशी पुटपुटून पाहिली. मग म्हणाले, "बानं जसं शिकिवलं तसं म्हनतोय. मांडीवर थाप मारून शिकवायचा. जितं थाप नसंल तितं आमी गप. दादा आनि त्येंचं भाऊ ल्हान असतानाच त्यांची नावं बी त्यानंच जोडून दिली. का गप, ते त्यानं सांगितलं न्हाय, मी इचारलं न्हाय."

मी मलकापूरला गेले. दोन दिवस विचारत फिरले तेव्हा ते घर सापडलं. चौगल्यांची ती लेक चाळिशीत गेलेली. शेवटचे दोन महिने तिला आडवं होता येत नव्हतं, भिंतीला टेकून बसूनच झोपायची, असं तिच्या नातसुनेनं सासूकडून ऐकलेलं सांगितलं. आणि नातू समोरच खुर्चीत बसला होता, पाय उशीवर ठेवून, सुजलेले. त्याचं रक्त मी तिथेच घेतलं.

डॉक्टरीणबाई खूश झाल्या, पण टिंबांचं ऐकून म्हणाल्या, "हे तुमच्या वहीत राहू द्या, माझ्या कागदात नको." शहाणी बाई. मी मात्र शहाणपणा केला नाही. एवढी मोठी गोष्ट हाती लागल्यावर माझ्या पोटात राहीना. उचगावला जाऊन मी चौगल्यांना सगळं सांगितलं. आलेख पसरून टिंबं दाखवली. वर आणखी आगाऊपणा म्हणजे, खात्री करून घ्यायला बसाप्पांना पुन्हा एकदा म्हणायला बोलावलं. आता घरातल्या प्रत्येकाला माहीत होतं की कान कुठे लावायचा.

दुसऱ्या वेळी रविवारी सकाळी बसले. बसाप्पांचा आवाज बारीक झाला होता, पण सगळी नावं जिथल्या तिथे, थांबेही जिथल्या तिथे. प्रत्येक थांब्याला दादा मान हलवत होते. मग जिवंत माणसांची ओळ आली. दादांचं नाव, त्यांच्या मुलांची नावं. "धाकट्याची लेक ऐश्वर्या."

आणि बसाप्पा थांबले.

एक श्वास. नेहमीसारखाच. मग पुढचं नाव घेतलं, घंटी वाजवली, पटका सारखा केला. त्यांना काहीच कळलं नव्हतं. ऐश्वर्या माझ्याकडे बघत होती, त्यांच्याकडे नाही.

त्या दिवसापासून त्या पोरीनं जिना चढणं सोडलं. कारखान्यात दुसऱ्या मजल्यावर काम, तर खाली बदली मागून घेतली. मी भेटायला गेले की मनगटावर बोटं ठेवून बसलेली असायची. तिच्या रक्ताचा निकाल आला. तिच्या जनुकांत तो फरक होता. डॉक्टरीणबाईंनी तिला समोर बसवून सोनोग्राफीच्या पडद्यावर तिचं हृदय दाखवलं, ठणठणीत, जोमानं चाललेलं. वर्षातून एकदा तपासू, रक्तदाब सांभाळू, मीठ कमी, चालणं जास्त, बस्स. ऐश्वर्यानं सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "मॅडम, पर ते थांबले त्याचं काय?"

बाईंनी माझ्याकडे बघितलं. उत्तर माझ्याकडे होतं. ही भीती मी त्या घरात नेऊन ठेवली होती. मी काही सांगितलंच नसतं तर त्या एका श्वासाकडे कुणाचं लक्षसुद्धा गेलं नसतं. इतकी शरम मला आयुष्यात वाटली नव्हती.

मी बसाप्पांना त्यांच्या गावी जाऊन गाठलं. ते दारातल्या बाकड्यावर बसून होते. मोटारसायकलला किक मारण्याइतका दम उरला नव्हता, पोरं ढकलून चालू करून द्यायची. मी दोन्ही रेकॉर्डिंग त्यांना ऐकवली. पहिल्यात ऐश्वर्याच्या नावानंतर थांबा नव्हता. दुसऱ्यात होता. त्यांनी दुसरं पुन्हा लावायला सांगितलं, आणि पुन्हा. मग फोन माझ्या हातात देऊन म्हणाले, "ह्यो थांबा बाचा न्हाय, अक्का. ह्यो माजा हाय. मला दम लागला."

"मग तेवढं तिला सांगा. मी सांगून कुणी ऐकत नाही."

ते हसले. हेळव्यानं आपला दम पुरत नाही असं एका घरात कबूल करायचं म्हणजे काय, हे मला तेव्हा कळलं नव्हतं. त्यांना पुरतं कळत होतं. मी मात्र त्यांच्या घरच्या कुणाला हा आजार होता का, ते विचारायला लागले. बाईंना हवं होतं. बसाप्पांना वडिलांचं नाव ठाऊक होतं, आजोबांचं अर्धवट. त्यापलीकडे काही नाही. चारशे घरांच्या अकरा-अकरा पिढ्या डोक्यात असलेला माणूस स्वतःच्या तिसऱ्या पिढीशी अडला. "हेळव्याचं कोन म्हनतंय?" एवढंच म्हणाले आणि बाकड्यावरून उठून पटका बांधायला लागले.

आम्ही जीपनं उचगावला आलो. अंगणात गल्लीतली पाच-पन्नास माणसं जमली, कारण घंटा न वाजवता हेळवी येणं ही बातमीच होती. बसाप्पांनी घोंगडं अंथरलं नाही. उभ्यानंच धोतर गुडघ्यापर्यंत वर घेतलं आणि ऐश्वर्याला जवळ बोलावलं.

"तंगी, हितं अंगठा दाब." तंगी म्हणजे कानडीत धाकटी बहीण.

तिनं घाबरत त्यांच्या नडगीवर अंगठा दाबला. काढला तेव्हा तिथे अर्धा इंच खड्डा पडला होता. तो तसाच राहिला. सगळे बघत होते आणि तो भरून येईना.

"ह्यात पानी हाय. छातीत बी हाय," बसाप्पा चौघांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. "त्या दिशी दम माजा गेलता. तुजं नाव मधी आलं, एवडंच. दुसऱ्या कुनाचं आलं असतं तर त्याच्यावर थांबलो असतो. आता माजा दम पुरत न्हाय, ही गोष्ट खरी हाय."

ऐश्वर्या रडली. मग आत गेली आणि मला सोप्यातून माडीच्या जिन्यावर पावलं ऐकू आली, वर जाणारी.

पुढच्या आठ दिवसांत ती गोष्ट सगळ्या घरांत पोचली. ज्याला मधेच दम लागतो त्याला कोण बोलावणार? त्यानं चुकीच्या नावावर श्वास सोडला तर? एकेका घराचं 'पुढच्या साली बघू' आलं. मला वाटलं, चला, निदान आता तरी गोळी घेतील. पण ते म्हणायचे, "कोन तरी बलवंल. पट्टी हाय खिशात." बोलावणं आलं तर आपण तयार असलं पाहिजे, या एका आशेवर तो माणूस रोज पाणी साठवत बसला होता. मी रागावले, रडले, त्यांच्या सुनेला भरीस घातलं. काही उपयोग झाला नाही.

फाल्गुनात ते गेले. बाकड्यावरच, बसून. पण त्याच्या पंधरा-वीस दिवस आधी चौगल्यांकडून त्यांना बोलावणं आलं होतं. ते ऐश्वर्यानं पाठवलं होतं.

सकाळचे दहा वाजले असतील. तीच जागा, तेच सहा जण. बसाप्पांना दोघांनी धरून आणलं. घोंगडं त्यांनी स्वतःच अंथरलं, सोप्याभर, आणि दाराकडे तोंड करून बसले. ऐश्वर्या पाण्याचा तांब्या घेऊन पुढे आली, त्यांच्या खिशातून पट्टी काढली आणि एक गोळी फोडून त्यांच्या हातावर ठेवली.

"आदी ही घ्यायची."

"उठाय लागतंय गं, तंगी."

"मग उठा की. आमचीच माणसं हाईत न्हवं? बसत्यात तुमी येईपतोर. माझ्या बापाला कसली घाई हाय?"

बसाप्पा तिच्याकडे बघत राहिले. मग रिकाम्या घोंगड्याकडे बघितलं. त्यांनी गोळी तोंडात टाकली.

त्या दिवशी ते प्रत्येक नावानंतर थांबले. धाप लागून गेलेल्यांच्या, म्हातारे होऊन गेलेल्यांच्या, सगळ्यांच्या. राणोजी, आणि श्वास. म्हाळसाक्का, आणि श्वास. मलकापूर, आणि श्वास. माझ्या टिंबांना काही अर्थच उरला नाही. घरातलं कुणी दचकलं नाही. प्रत्येक नावाला ते त्यांच्याबरोबर थांबत होते आणि त्यांच्याबरोबर पुढे जात होते.

नवव्या पिढीवर त्यांचा आवाज थांबला. त्यांनी हात पुढे केला. दादांनी त्यांना उठवलं. आयुष्यात पहिल्यांदा ते मधेच उठले होते. परसदारापर्यंत भिंतीला धरत धरत गेले. दारात वळले. आमच्याकडे नाही, घोंगड्याच्या मोकळ्या भागाकडे बघून, घरातल्या मोठ्या माणसांशी बोलावं तसं अदबीनं म्हणाले, "बसा. आलोच."

ते दाराआड गेले. कुणी फोनला हात लावला नाही, कुणी पाय पसरले नाहीत. आम्ही सहा जण आणि नावं घेऊन झालेल्या नऊ पिढ्या, सगळे त्यांची वाट बघत बसून राहिलो.